तसबिरीमागची ओल

लोक मला तोंडावर खडूस म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते त्यांचं त्यांना माहीत. सव्वीस वर्षं मी न्यू जर्सीत सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. म्हणजे दुसऱ्यानं मान मोडून केलेल्या कामातली खोट शोधायची आणि ती चार माणसांसमोर सौम्य इंग्रजीत सांगायची. या धंद्यात माणूस गोड राहत नाही. तरीही गेल्या एप्रिलमध्ये मी अशी एक चूक केली, की हाताखालच्या एखाद्या पोरीनं ती केली असती तर मी तिला दिवसभर फैलावर घेतलं असतं. मी एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर विकत घ्यायला म्हणून बघायला गेले, आणि तपासायची यादी पर्समधून बाहेर काढायचीच नाही असं घरूनच ठरवून गेले. का, तर विकणारे आपले होते.

यादी चांगली दोन पानी होती. आठवडाभर व्हिडिओ बघून मी ती केली होती. छताचे सांधे, खिडक्यांच्या कडा, टायरचं वय, गॅसची नळी, आणि सगळ्यांत आधी पाणी. पाणी कुठून शिरतंय ते शोधा, बाकी सगळं दुरुस्त होतं, असं प्रत्येक व्हिडिओतला टोपीवाला माणूस सांगत होता.

ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. झोपायला पलंग, चहाला शेगडी, आणि आमच्या दृष्टीनं मुख्य म्हणजे आत संडास. त्या संडासासाठीच आम्हाला तो हवा होता, उगाच कशाला लपवायचं! नवऱ्याचं प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. जिवावरचं टळलं, पण जाताना एक कटकट मागे ठेवून गेलं. अर्ध्या-पाऊण तासाला त्याला जावं लागतं, आणि लागली की धीर धरता येत नाही. ऑपरेशननंतर एकदाच आम्ही विमानात बसलो. विमान धावपट्टीवर पाऊण तास रांगेत उभं, पट्टा सोडायची बंदी, आणि पुढे जे झालं ते मी लिहिणार नाही. त्यानं त्या दिवसापासून विमानाचं नाव काढलं नाही. मग हळूहळू पार्सिपनीतल्या आमच्या घराभोवती त्यानं मनातल्या मनात एक रिंगण आखून घेतलं. देशी ग्रोसरीचं दुकान रिंगणाच्या आत, लायब्ररी आत. मित्रांची घरं एकेक करून बाहेर गेली. लोकांना वाटायचं, रिटायर झाल्यावर हा माणूसघाणा झाला. वाटू दे म्हणायचा, पण खरं कारण कुणाला कळता कामा नये.

लेक आमची ओहायोत. रेसिडेन्सीतली डॉक्टर, त्यामुळे तिला सुट्टी मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. तिच्या बाळंतपणाला मी एकटी गेले, सहा आठवडे राहिले. हा घरीच. नात पाच महिन्यांची झाली तरी त्यानं तिला फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. ती जांभई देते ते बघायला हा चष्मा लावून फोन नाकाशी धरून बसायचा. ओहायो आमच्यापासून गाडीनं आठ तास.

ट्रेलरची कल्पना त्याचीच. आमची मोठी गाडी हलका ट्रेलर ओढू शकते, हे त्यानं गाडीचं मॅन्युअल तीनदा वाचून पक्कं केलं. ड्राइव्हवेवर टेपनं मापं घेतली. "हवं तिथे कडेला घ्यायची, मागे जायचं, यायचं. कुणाला विचारायला नको," म्हणाला. दीड वर्षात प्रथमच हा माणूस कशाच्या तरी मागे लागला होता. तेवढ्यात मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला: जुना पण उत्तम ठेवलेला ट्रेलर विकणे आहे, परक्याला द्यावा असं मनात नाही, आपल्या माणसाकडे जावा अशी इच्छा. खाली काकांचं नाव.

हे काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, इथे पन्नास वर्षं काढलेले, निवृत्त इंजिनियर. मी साठीला टेकले तरी ते मला काकाच. दर गणेशोत्सवात माइक त्यांच्या हातात असतो. चपला रांगेत ठेवा, प्रसादाला रेटारेटी करू नका, आणि शेवटी दहा मिनिटं सचोटीवर. मराठी माणूस परदेशात कशावर टिकला तर सचोटीवर. दरवर्षी तेच भाषण, आणि दरवर्षी आम्ही टाळ्या वाजवतो. अशा माणसाच्या ट्रेलरखाली टॉर्च घेऊन शिरायचं? "बरं दिसत नाही गं," नवरा म्हणाला. मलाही ते पटलं, याचा मला आजही संताप येतो.

दीड तासाचा रस्ता, दोनदा थांबलो. काकांच्या घरामागे गवतावर ट्रेलर उभा होता, लांबून अगदी झकास. धुऊन-पुसून ठेवलेला, दारात पायपुसणं, आत उदबत्तीचा वास. काकूंनी आम्हाला अंगणातही टेकू दिलं नाही. "आधी आत बसून पोहे खा, म्हणजे कळेल किती ऐसपैस आहे ते." आम्ही पायरीशी बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं, पण उदबत्ती लावलेल्या जागेत बूट घालून जायचा आपला हात, म्हणजे पाय, धजत नाही. आतल्या लहानशा टेबलाशी चौघं दाटीवाटीनं बसलो आणि पोहे आले. वर खोबरं-कोथिंबीर, लिंबाची फोड, सगळं साग्रसंगीत. आता सांगा, ज्यांच्या घरचं मीठ आत्ता पोटात गेलं, त्यांना टायर किती वर्षांचे आहेत हे कुठल्या तोंडानं विचारायचं? टायर मी येतानाच ओझरते पाहिले होते. कडांना भेगा पडल्या होत्या. मी पोहे गिळले आणि भेगाही गिळल्या.

"रूफ दोन वर्षांपूर्वी रीसील केलंय," काका म्हणाले. "फ्रिज चालू, हीटर चालू. टॉयलेट तर फर्स्ट क्लास. नवीन बसवलंय मी स्वतः."

नवरा लगेच उठला. "बघून येतो," म्हणाला आणि त्या चिमुकल्या बाथरूममध्ये शिरला. कडी लागल्याचा आवाज आला. बराच वेळ आतून काहीच आवाज नाही. नुसता बसून पाहत असणार. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळलेला, की मला भरून आलं. "चांगलं आहे," एवढंच म्हणाला. मी मनात म्हटलं, टायर गेले खड्ड्यात, टायर बदलता येतात. घेऊन टाकू.

मग मी बाथरूम बघायला उठले. दारापाशी पाऊल टाकलं आणि जमीन खाली गेली. चहात बुडवलेली खारी जशी बोटाखाली दबते तशी. मी पाय उचलून पाहिला. मोज्याचा तळ ओला होता.

"काका, इथे जमीन मऊ लागतेय," मी म्हटलं.

"अगं, नवीन व्हायनिल टाकलंय ना, खाली फोमचा लेयर आहे. पायाला बरं वाटतं."

"मोजा ओला झाला माझा."

"सकाळीच हिनं पुसून घेतलंय. हो ना गं?"

काकू बशा गोळा करू लागल्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो उरलेल्या लिंबाच्या फोडीकडे पाहत होता. बायको बोलते ते पुरे आहे, आपण कशाला, असा त्याचा नेहमीचा पवित्रा. मला तिथेच राग यायला लागला होता. काकांसारखा इंजिनियर माणूस, आयुष्यभर पंप आणि पाइप यांत काम केलेला, तो मला सडलेल्या प्लायवूडला फोम म्हणून सांगतोय! समोर साठ वर्षांची बाई उभी आहे, तिला पायाखाली काय आहे ते कळत नाही असं समजतोय! पण अजूनही माझी जीभ उचलत नव्हती. काका ना ते.

मग मला तसबीर दिसली.

मागच्या बाजूला पलंग होता आणि पलंगासमोरच्या कोपऱ्यात, छताला जवळजवळ टेकवून, गणपतीची मोठी फ्रेम लावली होती. बाजूला प्लास्टिकच्या झेंडूची माळ. चांगली सुरेख तसबीर. मी हात जोडले आणि जोडताजोडताच माझ्या डोक्यात घंटा वाजली. तसबीर पलंगाच्या पायथ्याशी होती. म्हणजे या पलंगावर जो झोपेल त्याचे पाय थेट गणपतीकडे. ज्या घरात पुस्तकाला चुकून पाय लागला तर पोरांना वाकून नमस्कार करायला लावतात, त्या घरातल्या माणसानं देव पायाशी लावला? काकांनी? मंडळात आरतीच्या वेळी पाय पसरून बसलेल्या पाहुण्याला माइकवरून उठवणाऱ्या काकांनी? चुकून हे होणं शक्यच नव्हतं. तिथे तसबीर लावायला दुसरं काहीतरी कारण होतं.

परक्या गिऱ्हाइकानं ती फ्रेम सहज बाजूला केली असती. त्याच्या लेखी ते भिंतीवरचं चित्र. पण आपला माणूस काय करतो? हात जोडतो आणि पुढे जातो. परक्याला विकायचं मनात नाही म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पलंगावर चढले, देवाला मनात म्हटलं, माफ कर, हे तुझ्याचसाठी करतेय, आणि दोन्ही हातांनी तसबीर उतरवली.

मागे ताटाएवढा काळा डाग. भिंतीचं पातळ प्लायवूड पापडासारखं फुगलेलं. मी बोट टेकवलं तर बोट आत गेलं. उदबत्तीच्या वासाखाली जो कोंदट वास मघापासून नाकाला टोचत होता, तो भपकन बाहेर आला.

"देवाला हात लावण्याआधी विचारायचं तरी!" काका ओरडले.

"मी विचारायचं?" माझा आवाज चढला तो चढलाच. "तुम्ही देवाला विचारलं होतंत, इथे लावताना? छत गळतं ते झाकायला गणपती लावलात? एखादं कॅलेंडर नाही मिळालं? बाप्पालाच ठिगळ म्हणून वापरलंत?"

"अगं, जुनी वस्तू आहे. जुन्यात थोडंफार असायचंच. आपल्या माणसांत असं पोलिसासारखं बघत नाहीत."

"आपल्या माणसांत सडकी जमीन फोम म्हणून विकत नाहीत, काका."

"हे बघा," काका माझ्यावरून नवऱ्याकडे वळले, पुरुष तरी समजूतदार असेल अशा थाटात. "तुम्हाला काय, हौसेनं चार विकेन्ड फिरायचंय. त्याला एवढं काय बघायचं? फिरा, मजा करा, दोन वर्षांनी टाकून द्या."

माझ्या तोंडून काहीतरी जहाल निघणार होतं. पण त्याआधी नवरा बोलला.

"हौस नाही, काका," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, खालचा. "माझं ऑपरेशन झालं तेव्हापासून मला अर्ध्या-पाऊण तासाला लघवीला जावं लागतं. कधीकधी पोचेपर्यंत धीर निघत नाही. नात झालीय, तिला बघायला जाता येत नाही. म्हणून हवा होता."

मी पलंगावर तसबीर हातात धरून तशीच उभी राहिले. दीड वर्षात त्यानं हे कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याच्या सख्ख्या भावाला नाही, चाळीस वर्षांच्या मित्रांना नाही. आणि सांगितलं ते या माणसाला! मला काकांना गदागदा हलवावंसं वाटलं.

आणि काका, देवाशप्पथ सांगते, म्हणाले, "मग तर घ्याच तुम्ही. टॉयलेट एकदम ए-वन आहे. मी दोन हजार कमी करतो."

काकूंनी हातातल्या बशा टेबलावर आपटल्या. "पुरे हो आता!" त्या म्हणाल्या. मग माझ्या नवऱ्याकडे वळून, "नको घेऊस रे बाबा. पाऊस आला की मी इथे बादली लावते. टॉयलेटखालचं लाकूड पार गेलंय, एखाद दिवशी माणूस सीटसकट खाली जाईल. मी यांना म्हटलं होतं, भंगारात द्या. पण आपली माणसं काही बोलत नाहीत, म्हणाले."

आपली माणसं काही बोलत नाहीत! म्हणजे आमचा सगळा आदर, आमची भीड, पायरीशी काढलेले बूट, हे सगळं हिशेबात धरलेलं होतं. मी तसबीर काकूंच्या हातात दिली. "घरात लावा, चांगल्या जागी," म्हटलं. काकांशी एक शब्द बोलले नाही, नमस्कारही केला नाही. आयुष्यात प्रथमच एका वडीलधाऱ्या माणसाच्या घरून मी वाकल्याशिवाय निघाले, आणि मला त्याचं काडीमात्र वाईट वाटलं नाही. काकूंनी मात्र गाडीपर्यंत येऊन मला कुंकू लावलं. त्यांचे डोळे भरलेले होते.

गाडी मी चालवत होते. पहिली दहा मिनिटं मी एकटीच बोलत होते आणि नवरा खिडकीबाहेर बघत होता. काकांचा उद्धार करून झाल्यावर मी त्याच्यावर घसरले.

"आणि तुम्ही? तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतात! मी एकटी भांडतेय."

"माझाही मोजा ओला झाला होता," तो म्हणाला.

"कधी?"

"बाथरूममध्ये गेलो तेव्हाच. पाय ठेवला आणि कळलं, सगळं सडलंय."

"मग बाहेर येऊन चांगलं आहे म्हणालात ते?"

"तुला कळलं नाही तर घेऊ म्हटलं. आठ तास लागतात गं ओहायोला."

मला त्याचाही राग आला, खरं सांगते. माझ्यापासून लपवलं म्हणून आला, आणि एक सडका संडास बघून त्याचा चेहरा तसा उजळला होता म्हणून जास्त आला. मी पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी वळवली. तो जाऊन आला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "उद्यापर्यंत सगळ्या मंडळाला कळेल."

"कळू दे ना! मग आता लपवायला राहिलंच काय? आज सकाळपासून किती वेळा थांबलो आपण? तीनदा. काय आभाळ कोसळलं? आठ तासांत बारा-पंधरा वेळा थांबू. दहा तास लागतील, बारा लागतील. जास्तीचे कपडे घेऊ, सीटवर प्लास्टिक टाकू. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

त्यानं खिशातून फोन काढला आणि तिथेच, पंपावर, लेकीला लावला. स्पीकरवर टाकला. ती कामावर होती, मागे कसले तरी बीप वाजत होते.

"पुढच्या शनिवारी आम्ही ड्राइव्ह करून येतो," तो म्हणाला. "मी पण. थांबत थांबत येऊ, उशीर होईल." आणि काकांना सांगितलं तसंच, त्याच शब्दांत, सगळं तिला सांगून टाकलं.

पलीकडे दार बंद झालं, बीप थांबले.

"बाबा, हाऊ लाँग?"

"दीड वर्ष."

"अँड फॉलो-अप? सर्जन काय म्हणाला?"

"दोन अपॉइंटमेंट कॅन्सल केल्या मी. तिथे वेटिंग रूममध्ये फार वेळ बसवतात."

"बाबा, देअर आर मेडिसिन्स फॉर दिस. एक्सरसाइजेस आहेत. आय सी पेशंट्स लाइक यू एव्हरी वीक!" तिचा आवाज कापत होता. ती रडत नव्हती, चिडली होती. तो आवाज मला चांगला ओळखीचा आहे, माझाच आहे तो. "आई, आर यू देअर? यू सेड इट वॉज हिज बॅक. दर रविवारी मी विचारायचे, बाबा का येत नाहीत, आणि दर रविवारी यू सेड, पाठ दुखते. मी त्यांना हीटिंग पॅड पाठवलं, आई. मी डॉक्टर आहे. तू मला का नाही सांगितलंस?"

नवरा माझ्याकडे बघत होता. पंपावरचा माणूस काच पुसू का म्हणून खुणेनं विचारत होता.

"आई? आर यू देअर?"

होते ना. मी फोन त्याच्या हातातून माझ्या हातात घेतला.